परमुलखाची वाट

शिक्रापूरच्या चाकण चौकात सकाळी सात वाजता उभे राहा. कारखान्यांच्या गाड्या सणसवाडीकडे आणि रांजणगावकडे चाललेल्या दिसतील. गाडीची वाट बघणाऱ्यांत कोणी बीडचा असतो, कोणी लातूरचा, कोणी उत्तर प्रदेशचा, तर कोणी बिहारचा. कारखाने येण्याआधी इथल्या माळावर बाजरी आणि हुलगा पिकायचा. आता तिथे कारखाने आहेत आणि गावात भाड्याच्या खोल्या आहेत.

बिहारचा माणूस शिक्रापूरला आला, तेव्हा त्याने कोणाची परवानगी काढली? कोणाचीच नाही. रेल्वेचे तिकीट काढले आणि आला. भारताच्या राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा हक्क दिला आहे. उद्या तुम्ही उठून पाटण्याला गेलात, तरी तुम्हाला कोणी अडवणार नाही.

पण देशाची शीव ओलांडली की गोष्ट बदलते. तिथे दोन कागद लागतात. पहिला कागद पासपोर्ट. तो आपले सरकार देते. “हा आमचा माणूस आहे,” असे तो सांगतो. दुसरा कागद व्हिसा. तो ज्या देशात जायचे, त्या देशाचे सरकार देते. “या माणसाला आत येऊ द्या,” असे तो सांगतो. पासपोर्ट म्हणजे आपल्या घरचा दाखला. व्हिसा म्हणजे दुसऱ्याचा उंबरा ओलांडायची परवानगी.

व्हिसावर दोन गोष्टी नीट वाचाव्या. कशासाठी जायचे, आणि किती दिवस राहायचे. फिरायला जाण्याचा व्हिसा वेगळा, शिकायला जाण्याचा वेगळा आणि कामाला जाण्याचा वेगळा. फिरायच्या व्हिसावर जाऊन काम धरले, तर ते कायद्याबाहेर झाले. मुदत संपल्यावर राहिले, तरी कायद्याबाहेर झाले. पुष्कळांना वाटते, की रात्री कुंपणाखालून शिरतो तेवढाच बेकायदा. तसे नाही. विमानातून ऐटीत उतरलेला माणूसही तीन महिन्यांनी बेकायदा होऊ शकतो. आणि पुष्कळदा ते त्याच्या ध्यानातही येत नाही, कारण व्हिसा त्याने वाचलेलाच नसतो.

समजा, आपल्या भागातला एक गवंडी आहे. नववीपर्यंत शिकला आहे. त्याला दुबईला, नाहीतर ओमानला कामाला जायचे आहे. सरळ वाटेने जायचे, तर त्याला काय करावे लागेल?

आधी पासपोर्ट. साध्या पासपोर्टची फी १५०० रुपये. अर्ज करायचा, ठरल्या दिवशी कागद घेऊन पुण्याला जायचे. मग शिक्रापूर पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. ऐकायला हे सोपे आहे. पण गाडी अडते ती नावावर. आधार कार्डावर ‘ज्ञानदेव’ असते आणि शाळेच्या दाखल्यावर ‘ज्ञानोबा’. जन्मतारीख तर गुरुजींनी शाळेत घालताना १ जून ठोकून दिलेली. घरच्या हिशेबाने हा जन्मला दिवाळीत! कागद एकमेकांशी जुळत नाहीत तोवर काम पुढे सरकत नाही. नाव सुधारण्यातच दोन-तीन महिने जातात. गवंड्याचे खाडे होतात. तो चिडतो. त्याचे चिडणे खोटे नाही.

पासपोर्ट हाती आला. आता दुसरी अडचण. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर एक शेरा असतो. असा माणूस कामासाठी ठरावीक १८ देशांत निघाला, तर त्याला सरकारची वेगळी मंजुरी लागते. सौदी अरेबिया, दुबई ज्या देशात आहे ती अमिराती, ओमान, कतार, कुवेत, बहारीन, मलेशिया हे देश त्या १८ मध्ये आहेत. दहावी पास झालेल्याला ही मंजुरी लागत नाही.

आमचा गवंडी म्हणेल, “मला भिंत बांधायचीय. तिथं दहावीचं काय काम?”

बरोबर आहे त्याचे. विटेला दहावी कळत नाही. पण ही मंजुरी भिंतीसाठी नाही, कराराच्या कागदासाठी आहे. करार म्हणजे मालक आणि मजूर यांच्यातला लेखी ठराव. इंग्रजांच्या काळात, १८३४ सालापासून, भारतातले मजूर जहाजाने मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत गेले. त्यांत आपली मराठी माणसेही होती. त्यांची नातवंडे-पतवंडे आजही तिथे आहेत. तेव्हाच्या मजुरांनी करारावर अंगठा उठवला. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले. कागदात काय लिहिले आहे, हे कित्येकांना परक्या मुलखात पोचल्यावर समजले. वाचता न येणाऱ्याला फसवणे सोपे असते. म्हणून १९८३ सालच्या कायद्याने कमी शिकलेल्या मजुरासाठी ही जादा चौकशी ठेवली. कोणाला ती अपमानाची वाटते. मला ती पावसाळ्यातल्या घोंगडीसारखी वाटते. जड आहे, टोचते, पण अंगावर असावी.

या कामाचा सरकारी अधिकारी मुंबईत बसतो. काम अर्जाने, ‘ई-मायग्रेट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावरून चालते. तिथे पाहतात, की मालक खरा आहे का, करारात पगार लिहिला आहे का, माणूस पाठवणारा एजंट सरकारात नोंदलेला आहे का. नोंदलेल्या एजंटाला मजुराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर एवढेच घेता येते. त्याची पावती द्यावी लागते. शिवाय मजुराचा विमा उतरवतात. अपघाताने मरण आले किंवा कायमचे अपंगत्व आले, तर दहा लाख रुपये मिळतात. दोन वर्षांच्या विम्याचा हप्ता, कर सोडून, २७५ रुपये ठरलेला आहे. एवढ्या पैशात आपल्याकडे धड जेवणावळही होत नाही.

सरळ वाट ही अशी आहे. हेलपाटे फार. चार-सहा महिने सहज जातात. तेवढ्यात चहाच्या टपरीवर दुसरा माणूस भेटतो.

“कशाला त्या भानगडीत पडता, मामा? पंधरा दिवसांत विमानात बसवतो.”

“आन् मंजुरी?”

“ती कामावर जाणाऱ्याला. तुम्ही फिरायला चाललाय असं सांगायचं. तिथं गेल्यावर व्हिसा बदलून घिऊ.”

“किती पडत्याल?”

“दीड लाख. पावती-बिवती नाही हां. आपला इस्वास.”

हा ‘इस्वास’ दीड लाखाचा आहे, हे लक्षात घ्या. सरळ वाटेवर तीस हजार आणि पावती. वाकड्या वाटेवर दीड लाख आणि विश्वास. मग लोक वाकडी वाट का धरतात? दलाल त्यांना वेळ विकतो. सावकाराचे व्याज चालू असते, पोरीचे लग्न तोंडावर असते. हे ओळखल्याशिवाय फसलेल्याला नुसते मूर्ख म्हणणे बरे नाही.

पुढे काय होते? फिरायच्या व्हिसाची मुदत संपते. व्हिसा बदलत नाही. मालक म्हणतो, “निम्म्या पगारावर राहा, नाहीतर पोलिसांना कळवतो.” करार असलेल्या मजुराचा पगार थकला, तर तो तिथल्या कामगार कचेरीत दाद मागू शकतो. बिनकागदाच्या माणसाने तक्रार केली, तर आधी तोच पकडला जातो. आजारी पडला तर दवाखान्यात जायला भितो. घरी कोणी वारले, तरी दंड भरल्याशिवाय परतता येत नाही. अमिरातीत १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२४ या काळात अशा लोकांना दंडाची माफी दिली होती, तेव्हा पुष्कळांना घरी येता आले. पण माफी कधी निघेल, याचा भरवसा धरून कोणी परदेशी जावे काय?

याहून वाईट गोष्टी घडल्या आहेत. आपल्या देशातल्या तरुण पोरांना थायलंडमध्ये संगणकाची नोकरी आहे असे सांगून नेले. तिथून चोरवाटेने नदीपलीकडे म्यानमारमध्ये नेले, कोंडले, आणि फोनवरून लोकांना लुबाडायच्या कामाला जुंपले. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने विमाने पाठवून अशा ५४९ भारतीयांना परत आणले. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे एक लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात चोरवाटेने अमेरिकेत शिरलेले १०४ भारतीय होते. बहुतेक पंजाब, हरियाणा आणि गुजरातचे होते, पण तिघे आपल्या महाराष्ट्रातलेही होते. त्यांना हातकड्या आणि पायांत साखळ्या घालून आणले होते. कित्येकांनी शेत विकून दलालाला तीस-चाळीस लाख रुपये दिले होते. पनामाच्या जंगलातून चिखल तुडवत, वाटेत पडलेली प्रेते ओलांडत ते गेले होते.

यावर कोणी म्हणेल, की त्यांनी सरळ रांगेत उभे राहायला हवे होते. हे मात्र अर्धेच खरे आहे. अमेरिकेत नोकरीच्या वाटेने कायम राहण्याचे जेवढे परवाने दरवर्षी देतात, त्यांतले शंभरात सातच्या आसपास एका देशाच्या वाट्याला येतात. देश लहान असो की भारताएवढा मोठा असो, वाटा तेवढाच. त्यामुळे पुण्याहून गेलेले शिकलेसवरलेले इंजिनिअरही पंधरा-पंधरा वर्षे रांगेत आहेत. कमी शिकलेल्या मजुराचे तिकडे कोणी जवळचे नातलग नसेल, तर त्याला उभे राहायला रांगच नाही म्हणा ना. आखाताची रांग लांब आहे, पण ती आहे. जिथे रांगच नाही, तिथे दलाल “मी घुसवतो” म्हणतो. तिथे जास्त जपावे.

आता आपल्या दारातली गोष्ट. ऑक्टोबर २०२४ मध्ये रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीशेजारी, कारेगावात, पोलिसांनी २१ बांगलादेशी माणसे पकडली. ती कागदाशिवाय शीव ओलांडून आली होती. काहींजवळ खोटी आधार कार्डे सापडली. शिरूर तालुक्यातला माणूस ज्या आशेने दुबईला जातो, त्याच आशेने ते शिरूर तालुक्यात आले होते. आणि बिनकागदाच्या गवंड्याचे जे तिथे होते, तेच त्यांचे इथे होते. अशा माणसाला कमी मजुरीत राबवता येते. मग ठेकेदार आपल्या माणसालाही म्हणतो, “तेवढ्यात येतोस का बघ.” बिनकागदाच्या मजुराची मजुरी बुडाली, की शेजारच्या कागदवाल्याचीही उतरते.

१ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या देशात याविषयी नवा कायदा लागू झाला. कागदाशिवाय आत आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. खोटा पासपोर्ट किंवा खोटा व्हिसा वापरला, तर कैद दोन ते सात वर्षांची आहे. म्हणून खोली भाड्याने देताना भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. पण बंगाली बोलतो म्हणून माणूस बांगलादेशी ठरत नाही. पश्चिम बंगालची भाषाही बंगालीच. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही माणसांना चुकून शिवेपलीकडे घालवले आणि मग परत आणावे लागले. कागद तपासणे पोलिसांचे काम आहे. गावाने चौकात माणूस घेरून ते करू नये.

वाचनाचा सराव

खाली दोन कागद दिले आहेत. ते सरावासाठी लिहिले आहेत. प्रत्येक कागद मोठ्याने, बोट ठेवून वाचा.

पहिला कागद: “काम गवंड्याचे. मुदत दोन वर्षे. रोज आठ तास. जादा कामाची मजुरी वेगळी. पगार महिन्याच्या सात तारखेला बँकेत. राहण्याची खोली व औषधपाणी मालकाकडे. येण्याजाण्याचे विमानाचे तिकीट मालकाकडे. व्हिसा कामाचा. मालकाचे नाव, पत्ता व सही खाली आहे.”

दुसरा कागद: “चांगल्या कंपनीत चांगले काम मिळेल. पगार भरपूर. व्हिसा फिरायचा, नंतर बदलून मिळेल. पासपोर्ट आमच्याकडे जमा करावा. पैसे रोख द्यावे.”

प्रश्न

१. दुसऱ्या कागदात पगाराचा आकडा कुठे आहे? दाखवा.
२. पहिल्या कागदातही पगाराचा आकडा नाही. तो विचारल्याशिवाय सही करावी काय?
३. दुसऱ्या कागदाखाली कोणाची सही आहे?
४. तुमच्या आधार कार्डावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव पाटीवर एकाखाली एक लिहा. अक्षर अन् अक्षर जुळते का, ते शेजाऱ्याला तपासायला सांगा.