पोराचं बीपी १३५ आलं, आता काय?

मंडळी, आजोबांसाठी आणलेलं बीपीचं मशीन पोरं गंमत म्हणून लावून बघतात. १३५/८५ दिसलं की घर घाबरतं, नाहीतर 'कोवळ्या वयात कसलं बीपी' म्हणून विसरून जातं. आमचं म्हणणं, आधी नीट मोजा.

बर्फाची पेटी उचलून आलेल्या पोराचं लगेच मोजू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसू दे, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको (तंबाखू एरवीही नकोच). जाड दंडाला छोटा पट्टा आकडा फुगवून दाखवतो.

१३ वर्षांपासून पुढे १२०/८० च्या खाली असेल तर ठीक. वरचा १२० ते १२९ असेल तर लक्ष ठेवा. वरचा १३० किंवा खालचा ८०, किंवा त्याहून जास्त, असा तीन वेगवेगळ्या वेळी दवाखान्यात आला तरच बीपी धरतात. १३ च्या आतल्यांचं वय-उंचीवरून डॉक्टर ठरवतात.

वाढलेलंच निघालं तर स्मीमेर किंवा नवी सिव्हिलला दाखवा. लघवी-रक्त तपासून घ्या, कारण या वयात मूत्रपिंडाचाही दोष निघतो. आजोबांची गोळी पोराला देऊ नका. खारवलेली मासळी, लोणचं, पापड कमी करा. आपल्याकडे हे जड जातं, ठाऊक आहे.

१८०/१२० च्या वर गेलं, किंवा वाढलेल्या बीपीसोबत जोराची डोकेदुखी, अंधारी, झटके आले, तर थेट १०८ ला फोन.