चूल ते पत्रावळ

गंगाखेड-पालमकडच्या सप्ताहांत पंगतीचा स्वयंपाक सांभाळता सांभाळता एक गोष्ट मनात पक्की बसली. अन्न चुलीवर क्वचितच बिघडतं. ते बिघडतं वाट बघताना.

१. चूल कधी पेटवायची, हे कीर्तनाची वेळ बघून ठरवावं. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, दैठणा, गंगाखेड अशी जाते, तेव्हा मुक्काम आधीच ठरलेले असतात. आचाऱ्याला अंदाज बांधता येतो. गावातलं काल्याचं कीर्तन मात्र लांबतं, मग सत्कार होतात. "मामा, सगळं सकाळीच उरकून ठेवा" असं मंडळी म्हणतात. त्यांचं ऐकू नये. भाज्या चिराव्यात, डाळ-तांदूळ निवडून ठेवावेत, आधण मात्र उशिरा ठेवावं.

२. सगळ्यात जास्त जपायचं ते भाताला. ताडपत्रीवर धोतर अंथरून भाताचा डोंगर रचतात. तो वरून निवतो आणि आत तासन्‌तास कोमट राहतो. तांदळातल्या काही जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. म्हणून एक पंगत बसली की पुढचा घाणा चढवायचा. माणसं जास्त लागतात, जळण जास्त लागतं. लागू द्यावं.

३. वरण आणि भाजी ६० अंशांच्या वर राहिली पाहिजे. अन्नात खुपसायचा तापमापक फार महाग नसतो. दरवर्षी मंडपावर होणाऱ्या खर्चात तो सहज बसतो. डेग निखाऱ्यावर ठेवावी, झाकण ठेवावं, तळापासून ढवळत राहावं. निवलेलं वरण पुन्हा तापवताना कडेला बुडबुडे आले म्हणून उतरवू नये. मधोमध खदखदलं पाहिजे.

४. आंबट आमटी कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवू नये.

५. वाढायच्या बादल्या लहान असाव्यात. तळाला उरलेल्या थंड भाजीवर नवी गरम भाजी ओतली की दोन्ही कोमट होतात. परभणीच्या डिसेंबरातल्या थंडीत तर मोठी बादली पंगतीच्या टोकाला पोचेपर्यंत गार पडते.

६. एकादशीच्या फराळाची मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत, प्रसादानंतर सुमारे दोन हजार लोक आजारी पडले. त्याच महिन्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात भगर-आमटीच्या प्रसादानंतर शेकडो जणांना त्रास झाला. झाडांना दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, आणि बुरशीचं विष उकळून जाईल असा भरवसा नाही. सुटी भगर घेऊ नये, पीठ दळून साठवू नये, वास आला तर पोतं सरळ बाजूला काढावं. भगर शिजली की गरम असतानाच वाढावी.

७. ज्याला जुलाब-उलट्या होताहेत किंवा बोटाला पिकलेली जखम आहे, त्याला वाढायला उभं करू नये. त्याला वाईट वाटतं. सेवा चुकली असं तो म्हणतो. त्याला चपलांच्या रांगा, पार्किंग, माईक असं दुसरं काम द्यावं. हात धुवायला साबण आणि नळाची टाकी चुलीजवळच हवी, मंडपाच्या पलीकडे नको.

८. दुपारचा उरलेला भात संध्याकाळी घरोघरी डब्यांतून वाटायची रीत मी थांबवली. बायाबापड्या नाराज झाल्या, कारण प्रसाद टाकायचा कसा? गरम आहे तोवरच गरजू घरी पोचवावा, 'आत्ताच खा' असं सांगून. त्यानंतर उरलेलं गुरांपुढेही ओतू नये. भात-पोळ्या एकदम भरपूर खाल्ल्या की गाई-बैलांच्या पोटात आम्ल वाढतं, जनावर दगावतं. शेताच्या कडेला खड्डा करून माती लोटावी, चार महिन्यांत खत होतं.