हात गुंतलेले, धंदा चालू

कापडाच्या धंद्यात दुकानदाराचे दोन्ही हात क्वचितच रिकामे असतात. एका हातात मीटरपट्टी, दुसऱ्या हातात कैची, गादीवर ठाण उलगडलेले आणि समोर गिऱ्हाईक. नेमका त्याच वेळी फोन वाजतो. मागच्या लग्नसराईत आम्ही असाच फोन कान व खांद्याच्या मध्ये दाबून बोलत होतो. मोजणी चुकली आणि साडेचार मीटरऐवजी साडेतीन मीटरवर कैची चालली. कापड एकदा कापले की जोडता येत नाही. तो तुकडा घाट्यात काढावा लागला आणि गिऱ्हाईक नाराज झाले ते वेगळेच. त्या दिवसापासून आम्ही हात न लावता फोन चालवणाऱ्या यंत्रांचा अभ्यास सुरू केला. जे समजले ते व्यापारी बंधूंपुढे ठेवत आहोत.

ही यंत्रे मुख्यतः तीन प्रकारची आहेत: कानात घालायचे इयरफोन, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ आणि चष्मा. तिन्ही फोनशी ब्लूटूथने जोडली जातात. ब्लूटूथ म्हणजे कमी पल्ल्याच्या रेडिओ लहरी. साधारण 10 मीटरपर्यंत त्या नीट चालतात. म्हणजे फोन गल्ल्यावर आणि आपण दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, एवढे बहुतेक जमते. मागच्या गोदामात गेलो की मात्र भिंती आड येतात व आवाज तुटतो.

या यंत्रांना हुकूम देण्याचे मार्गही तीन. पहिला आवाजाचा. गुगल असिस्टंट 2018 पासून फोनवर मराठी समजू लागला आणि 2024 मध्ये गुगलच्या जेमिनी ॲपमध्येही मराठी आली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले, इंग्रजी मेनू वाचताना आजही अडखळायला होते. पण बोलायला कसली अडचण? अमक्याला फोन लाव, एवढे म्हटले की काम होते. दुसरा मार्ग मानेचा. 2024 पासून ॲपलच्या काही इयरफोनमध्ये मान होकारार्थी हलवली की फोन उचलला जातो, नकारार्थी हलवली की बंद होतो. तिसरा मार्ग बोटांचा. अंगठा व तर्जनी दोनदा टेकवली की घड्याळ हुकूम मानते. ॲपलने हे 2023 मध्ये व सॅमसंगने 2024 मध्ये आपल्या नव्या घड्याळांत दिले. घड्याळाला हे कसे कळते? मनगटाची बारीक हालचाल आत बसवलेले सेन्सर टिपतात. ॲपलच्या घड्याळात नाडी मोजणारा प्रकाशही कामी येतो, कारण बोटे टेकताच मनगटातील रक्ताचा प्रवाह किंचित बदलतो.

ही केवळ शौकाची वस्तू नव्हे. ॲपलने हे इशारे सर्वप्रथम 2021 मध्ये आणले ते हाताने अपंग असलेल्या माणसांसाठी. आमच्या ओळखीच्या एका टेलर मास्तरांचा उजवा हात लकव्याने गेला. आज डाव्या मनगटावरच्या घड्याळावर ते फोन घेतात आणि मुलाकडून शिलाईची कामे करवून घेतात. दुकान बंद पडले नाही, ही मोठी गोष्ट आहे.

मोहाडी तालुक्यातील आंधळगावच्या कोसा विणकरांचेही तसेच. एका हातात धोटा, दुसरा हात फणी ओढण्यात आणि पाय पावड्यांवर. एक विणकर आम्हाला म्हणाले, "सेठजी, तुमची घंटी वाजली की माझा धोटा थांबतो." आम्ही त्यांना साधा इयरफोन दिला. पण महिनाभराने ते म्हणाले, "बोलण्याच्या नादात धागा तुटलेला दिसत नाही. आता फोन आला की तुमचं ऐकून घेतो, हिशेब मात्र माग थांबवूनच करतो." यात सर्वांसाठी धडा आहे. यंत्र हात मोकळे करते, ध्यान मोकळे करत नाही.

खरेदी करताना काही गोष्टी पाहाव्यात. एक, दोन-तीन हजारांच्या घड्याळात फोन घेणे, गाणे बदलणे वगैरे होते, पण बोटांचे इशारे बहुधा नसतात. जाहिरातीवर न जाता दुकानातच आपल्या फोनला जोडून पाहावे. दोन, आयपी क्रमांक विचारावा. त्यातला पहिला आकडा धुळीपासून व दुसरा पाण्यापासून संरक्षण दाखवतो. कापडाच्या दुकानात सुताचा कचरा माइकच्या छिद्रात बसतो, म्हणून पहिला आकडा 6 असलेला बरा. तीन, पक्के बिल व वॉरंटी घ्यावी.

आता सावधगिरी. घड्याळावर बोललो की समोरच्याचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू जातो. एकदा घाऊक व्यापाऱ्याने खरेदीचा भाव सांगितला आणि गिऱ्हाइकाने तोच भाव आम्हाला ऐकवला! म्हणून भावाची बात इयरफोनवरच करावी. आवाजाने दिलेल्या ऑर्डरचा भरवसा धरू नये. आमचे 'अडीच' यंत्राने दोनदा वेगळेच लिहिले. आकडा वहीत लिहावा आणि समोरच्याला पुन्हा वाचून दाखवावा. गाडी चालवताना फोन हातात धरणे 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवणे ठरते. इयरफोन आहे म्हणून तुमसरच्या रस्त्यावर सौदे करू नयेत. सौदा पुन्हा होईल, जीव पुन्हा मिळत नाही.

आता आमच्या दुकानात एक नियम आहे. कानात यंत्र असले तरी कैची हातात असताना आम्ही एवढेच म्हणतो, "दोन मिनिटांनी बोलतो." हे तीन शब्द बोलायला हात लागत नाही, आणि कापडही वाचते.