मत्स्यजिऱ्याचे पहिले पंधरा दिवस

मत्स्यप्रजननाच्या ग्रामीण प्रशिक्षणवर्गात सर्वाधिक गर्दी होते ती इंजेक्शनच्या प्रात्यक्षिकाभोवती. ते स्वाभाविकही आहे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने भारतीय प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. पुढे त्याच राज्यातील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने फायबरचा सुवाह्य उबवणी संच विकसित केला आणि रोहू, कटला, मृगळ यांचे जिरे गावातच तयार करणे बचतगटांच्या आवाक्यात आले. अंडी १४ ते १८ तासांत फुटतात, तीन दिवसांत जिरे हाती येते आणि प्रशिक्षण बहुधा तेथेच संपते. नुकसान त्यानंतर सुरू होते.

जेमतेम सहा-सात मिलिमीटरचे हे जिरे संगोपन तळ्यात सोडले जाते. शेणखताने तेथे प्लवंग वाढलेले असतात, त्यांच्याबरोबर भक्षक कीटकही. उताणा पोहणारा नोटोनेक्टा सोंड खुपसून जिऱ्यातील रस शोषतो. पाणविंचू, पाणभुंग्यांच्या अळ्या आणि चतुराची पिल्लेही त्यावर तुटून पडतात. मेलेले जिरे तरंगताना क्वचितच दिसते. पंधरवड्यानंतर जाळे रिकामे निघाले की जिरे मोजतानाच कमी भरले, असा वाद गटात उभा राहतो.

यावर साबण-तेलाच्या मिश्रणाची शिफारस जुनीच आहे: हेक्टरी ५६ किलो स्वस्त वनस्पती तेल व १८ किलो साबण. पाच गुंठ्यांच्या तळ्यास सुमारे २.८ किलो तेल आणि ९०० ग्रॅम साबण पुरतो. साबण गरम पाण्यात विरघळवून त्यात तेल घोटावे व जिरे सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास, वारा पडलेला असताना पृष्ठभागावर सर्वत्र शिंपडावे. वाऱ्याने तवंग एका काठाला लोटला गेला, तर सारा खर्च वाया जातो.

हा उपाय कसा चालतो, हे प्रशिक्षणार्थींना सांगितलेच पाहिजे. नोटोनेक्टा, पाणविंचू व पाणभुंगे श्वासासाठी पृष्ठभागावर येतात. तवंगामुळे त्यांची श्वसनरंध्रे बुजतात व ते गुदमरतात. चतुराची पिल्ले मात्र गुदाशयातील कल्ल्यांनी पाण्यातच श्वास घेतात, म्हणून तवंगाचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी तळे उन्हाळ्यात पूर्ण वाळवावे आणि जिरे सोडण्याच्या थोडेच दिवस आधी भरावे, म्हणजे त्यांना मोठे होण्यास अवधी मिळत नाही. तळे महिनाभर आधी भरून ठेवणे ही नेहमीची चूक. भरल्यानंतर बारीक विणीचे जाळे दोन-तीन वेळा ओढावे.

जाळ्यात आलेले कीटक पांढऱ्या घमेल्यात ओतून वर येणारे व तळाशी बसणारे वेगळे करण्यास प्रशिक्षणार्थींना सांगावे. साबण-तेल पुरेल की पुन्हा जाळे ओढावे लागेल, हे त्यावरून तेथेच ठरते. राखणदाराचा दिवा तळ्यापासून दूर असावा. नोटोनेक्टा व पाणभुंगे रात्री उजेडाकडेच उडत येतात.