नीट हुकली, आता केमिस्ट्री?

नीटचा निकाल लागला की वर्ध्यात दोनच प्रश्न कानावर येतात. किती आले? आणि आता रिपीट की बी.एस्सी.? सेवाग्रामला 1969 पासून मेडिकल कॉलेज, सावंगीला दुसरं. त्यामुळे जिल्ह्यातल्या हुशार पोराने डॉक्टरच व्हायचं, हे घरोघरी ठरलेलं. पण भाजलेल्या जखमेवर सिस्टर जे सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम लावते, त्यातलं औषध केमिस्ट्रीच्या लॅबमधूनच आलेलं असतं.

त्याच चांदीवर आता वेगळं काम चालू आहे, तेही जेल वापरून. फेनिलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल, आपल्या तुरीच्या वरणातही असतं. त्याला एफमॉक नावाचा गट जोडायचा, अल्कलीत विरघळवायचं आणि द्रावण हळूहळू आम्लाकडे न्यायचं. रेणू एकमेकांना धरून बारीक तंतू तयार करतात, त्यांच्या जाळ्यात पाणी अडकतं. बाटली उलटी करा, जेल खाली पडत नाही. आत मात्र बहुतांश पाणीच. अशा काही जेलमध्ये सिल्व्हर नायट्रेट मिसळून उन्हात ठेवलं की चांदीचे नॅनोकण तिथल्या तिथे तयार होतात आणि रंग पिवळसर होतो. (उन्हाची आपल्याकडे कमतरता नाही!) चांदी जिवाणूंना मारते, जेल जखम ओलसर ठेवतो. सोन्याचे कण असतील तर जेल उत्प्रेरक होतो: सोडियम बोरोहायड्राइड घातलेल्या नायट्रोफिनॉलचा पिवळा रंग डोळ्यांदेखत उडतो.

हे काही परदेशातच चालतं असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने लायसिन या अमिनो आम्लाच्या आधाराने सोन्याचे कण पाण्यात टिकवले. गवती चहाच्या अर्कातून केलेले त्यांचे त्रिकोणी सुवर्णकण 2004 मध्ये गाजले.

आता पालकांच्या मनातला प्रश्न. पैसे? बी.एस्सी. वर्ध्यातच होते. पुढे जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एम.एस्सी., मग नेट परीक्षा. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर 2023 पासून दरमहा 37 हजार रुपये, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता. पीएच.डी.ला पाचेक वर्षं जातात. म्हणजे पोरगी स्थिरावेपर्यंत अठ्ठावीस-तीसची होणार. हे नातेवाइकांना आत्ताच सांगून टाका. एवढं थांबायचं नसेल तर एम.एस्सी.नंतर औषध कंपन्यांचे क्यूसी म्हणजे गुणवत्ता तपासणीचे विभाग आहेत, तिथे एचपीएलसी हे मशीन चालवता येणाऱ्याला विचारतात. बारावीनंतर आयसर या विज्ञान संस्थांचा पर्यायही आहे, पण प्रवेशपरीक्षेत गणिताचे प्रश्न असतात. बारावीला गणित सोडलेल्यांनी तयारी करूनच बसावं.

बारावीनंतर लगेच 'नॅनोटेक्नॉलॉजी' नावाची महागडी पदवी मात्र घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी केमिस्ट्री पक्की करा, नॅनो एम.एस्सी.ला किंवा पीएच.डी.ला येईलच.

आणि अॅडमिशनआधी कॉलेजची लॅब स्वतः बघून या. यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर विद्यार्थ्यांना हाताळू देतात का, विचारा. कव्हर घालून ठेवलेलं मशीन दिसलं, तर दुसरं कॉलेज बघा.