मेणवली : पायी वाचावयाचा इतिहास

वाईनजीक कृष्णाकाठी वसलेल्या मेणवलीचा इतिहास वाटाड्यावाचूनही पायी फिरून वाचता येतो. आरंभ नाना फडणवीसांच्या वाड्यापासून करावा. भिंतींवरील जुनी चित्रे पाहावीत; मात्र स्पर्शाने रंग झिजतात, म्हणून हात लावू नये. येथील नानांचे दप्तर मराठेशाहीच्या अभ्यासाचे मोलाचे साधन ठरले आहे. वाड्यामागे घाटाच्या पायऱ्या नदीकडे उतरतात. तेथे मेणेश्वराचे व विष्णूचे मंदिर असून लगतच्या लहानशा वास्तूत प्रचंड घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. त्या विजयाची खूण असलेल्या या पोर्तुगीज घंटेवर १७०७ हे वर्ष कोरलेले आहे. अशा प्रत्येक स्थळी ग्रामपंचायतीने साधा माहितीफलक लावावा आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना ही वाट चालवावी. गावाला ज्याची ओळख असते, त्याचेच जतन होते.