चित्रकलेचा तास आणि विद्यार्थ्याचे उत्तरदायित्व

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेला आठवड्यातून एखादा, फार तर दोन तास मिळतात. परीक्षा जवळ आली की तेही गणिताला किंवा विज्ञानाला देऊन टाकले जातात, आणि त्याबद्दल क्वचितच कोणी तक्रार करते. ज्या विषयाचा तास इतक्या सहजपणे दुसऱ्याला देता येतो, त्या विषयातही आपली काही जबाबदारी असते, हे विद्यार्थ्याला पटावे तरी कसे? गणिताच्या तासाला वही न आणलेला मुलगा ओशाळतो. चित्रकलेच्या तासाला रंग न आणलेला मुलगा मात्र शेजाऱ्याच्या पेटीत खुशाल कुंचला बुडवतो आणि आपले काही चुकले असे त्याला वाटत नाही.

या प्रकरणात आपण आठवीपासून बारावीपर्यंतच्या विद्यार्थ्यांचा विचार करणार आहोत. लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे. ती चित्र काढताना कोणाला विचारत नाहीत आणि काढून झाल्यावर पश्चात्तापही करत नाहीत. बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास हे बदलते. मूळचे ऑस्ट्रियाचे व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांतील वाढीच्या अवस्था वर्णिल्या आहेत. या वयात मुलाची दृष्टी चिकित्सक होते, पण हात तितका तयार झालेला नसतो. डोळ्याला दिसते ते कागदावर उतरत नाही, आणि मूल स्वतःच आपला परीक्षक होऊन निकाल देते, की मला चित्रकला येत नाही. हा निकाल बहुधा आयुष्यभर टिकतो. आपल्या ओळखीच्या किती प्रौढ माणसांनी शाळा सोडल्यावर एकदा तरी पेन्सिल हाती धरून समोरची वस्तू काढून पाहिली आहे, हे वाचकाने आठवून पाहावे.

म्हणूनच या वर्गात विद्यार्थ्याकडून काय मागावे, हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. सुंदर चित्राची मागणी केली, तर वर्गातील चार-पाच जण ती पुरी करतील आणि उरलेले पस्तीस जण आपण या कामाचे नव्हेत असे ठरवून मोकळे होतील. उपजत गुणाची मागणी कोणाकडेही करता येत नाही. कष्टांची, लक्ष देण्याची, हाती घेतलेले काम शेवटास नेण्याची मागणी मात्र प्रत्येकाकडे करता येते, आणि ती केली नाही तर आपण त्या पस्तीस जणांचा अपमान करतो, असे मला वाटते.

पहिली मागणी पाहण्याची. साधी पाण्याची घागर समोर ठेवून वर्गाला ती काढावयास सांगितली, तर बहुतेक विद्यार्थी तिचे तोंड जवळजवळ पूर्ण गोल काढतात आणि तळाला सरळ रेघ मारतात. तोंड गोल आहे हे त्यांना ठाऊक असते. घागर सपाट जमिनीवर टेकलेली आहे हेही ठाऊक असते. जे ठाऊक आहे ते त्यांनी काढले, जे दिसले ते काढले नाही. वास्तविक घागर डोळ्यांच्या पातळीच्या खाली असेल तर तोंडाचे वर्तुळ चपटे, लंबवर्तुळाकार दिसते, आणि तळाचीही समोरची कड वक्रच दिसते. किंबहुना तळ डोळ्यापासून अधिक खाली असल्यामुळे तिथला वक्र वरच्यापेक्षा अधिक भरलेला असतो. हे पडताळण्यास कौशल्य लागत नाही. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने रुंदी मोजावी, मग उंची मोजावी; एवढे केले की पुरे. चित्र मग ओबडधोबड का होईना, ते त्या घागरीचे असते. विद्यार्थ्याने किती वेळा मान वर करून वस्तूकडे पाहिले, हे शिक्षकाला वर्गात फिरताना सहज दिसते. ज्याची मान सतत कागदावर झुकलेली आहे, तो वस्तू काढत नसून आठवण काढत आहे असे समजावे. (स्मरणचित्र हा स्वतंत्र प्रकार आहे आणि महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमीजिएट या रेखाकला परीक्षांत त्याची वेगळी प्रश्नपत्रिका असते; पण पाहिल्यावाचून स्मरण कशाचे करणार?)

दुसरी मागणी साहित्याविषयीची. इथे शिक्षकाने स्वतःला आधी एक प्रश्न विचारला पाहिजे. जे साहित्य घरून आणावयास सांगितले आहे, ते प्रत्येक घराला परवडणारे आहे काय? एखाद्या मुलीने रंग आणले नाहीत म्हणून तिला वर्गाबाहेर उभे केले आणि मागाहून कळले की घरी त्या महिन्यात पैसे नव्हते, तर जबाबदारी कोणाची चुकली? शाळेच्या कपाटात सामायिक रंग, थोडे कुंचले आणि पाठकोरे कागद असणे ही शाळेची बाजू आहे. ती शाळेने पार पाडली, की विद्यार्थ्याची बाजू सुरू होते. कुंचला पाण्याच्या भांड्यात केसांवर उभा करून ठेवला तर एका रात्रीत त्याचे टोक वाकते आणि पुन्हा सरळ होत नाही. पोस्टर रंगाच्या बाटलीचे झाकण उघडे राहिले तर रंग वाळून खडा होतो. पिवळ्या रंगात काळा कुंचला बुडाला तर ती बाटली पुढच्या वर्गाला निरुपयोगी होते. या गोष्टी भिंतीवर नियम म्हणून लिहिण्यापेक्षा एकदा हातात वाकडा कुंचला देऊन त्याने बारीक रेघ काढावयास सांगावे. नियम आपोआप समजतो.

आवराआवरीचा प्रश्न याहून नाजूक आहे. पुष्कळ शाळांत तास संपला की विद्यार्थी हात झटकून निघून जातात आणि रंगाचे डाग, कागदाचे कपटे, गढूळ पाण्याची भांडी शिपायासाठी उरतात. आपल्या समाजात साफसफाई कोणी करावयाची, हे जन्मावरून ठरविण्याची रीत फार जुनी आहे; चित्रकलेच्या खोलीतही ती रीत चोरपावलांनी येते. सेवाग्राम येथील नई तालीमच्या शाळेत सफाई, स्वयंपाक, शेती आणि कताई ही शिक्षणाचीच अंगे मानली होती. वर्ध्याला 1937 साली भरलेल्या परिषदेनंतर आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीच्या अहवालानंतर ही योजना आकारास आली. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकलेले देवीप्रसाद 1944 साली तेथे कलाशिक्षक म्हणून आले आणि 1962 पर्यंत राहिले. जिथे अंगण झाडणे हा अभ्यासाचा भाग होता, तिथे कुंचले धुणे हा चित्राचा भाग ठरावा यात नवल नाही. घासलेले टेबल आणि धुतलेली भांडी ही पुढच्या तासाला येणाऱ्या अनोळखी विद्यार्थ्याला दिलेली वस्तू होय, इतके सांगितले तरी पुरते.

एकाच्या निष्काळजीपणाचा भार दुसऱ्यावर कसा पडतो, याचे सर्वांत उत्तम उदाहरण मातीकामात मिळते. ज्या शाळेत भट्टी आहे, तिथे वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या वस्तू एकदमच भाजल्या जातात. त्यांतील एकाने हत्ती भरीव केला, आतून पोखरला नाही, आणि पुरता वाळण्यापूर्वीच भट्टीत ठेवला, तर काय होते? बाहेरून कोरडा दिसणारा हत्ती आत ओला असतो. तापमान 100 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्या ओलाव्याची वाफ होते. तिला जाड मातीतून बाहेर पडण्यास वाट मिळत नाही आणि हत्ती फुटतो. आत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून वस्तू फुटली, असे सर्रास म्हटले जाते. पण खरे कारण बहुतेक वेळा हा ओलावाच असतो. फुटलेल्या हत्तीचे तुकडे शेजारच्या पणतीवर, सुरईवर, कोणाच्या तरी आईसाठी केलेल्या फुलदाणीवर आदळतात. भट्टी थंड होऊन दार उघडते, तेव्हा ज्यांनी माती नीट मळली, भिंती बोटाच्या जाडीएवढ्याच ठेवल्या, वस्तू दिवसेंदिवस सावलीत वाळविल्या, त्यांच्याही हाती खापऱ्याच येतात. त्या दिवशी वर्गात कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. मात्र दोष एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. भट्टी लावण्यापूर्वी प्रत्येक वस्तू हातात घेऊन, ती गालाला लावून गार लागते की काय हे पाहणे शिक्षकाचे काम असते. गार लागली तर आत पाणी आहे. मातीकामाची खोली कोरड्या झाडूने कधीही झाडू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. वाळलेल्या मातीच्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना अपायकारक आहे. ओल्या फडक्याने पुसणे हाच योग्य मार्ग.

आता नकलेविषयी. आपल्याकडे नक्कल हा शब्द दूषण म्हणून वापरतात, पण कलेच्या शिक्षणात तिला जुने व मानाचे स्थान आहे. 1938 साली हरिपुरा येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलाल बोस यांनी ग्रामीण जीवनावरील भित्तिचित्रके रंगविली. एकूण चित्रके सुमारे 400 झाली; त्यांतील 80 हून अधिक स्वतः नंदलालांच्या हातची होती, आणि त्यांबरहुकूम बाकीची विद्यार्थ्यांनी व सहकाऱ्यांनी केली. या कामात कोणी कोणाला फसविले नाही. मूळ कोणाचे आणि प्रत कोणाची, हे सर्वांना ठाऊक होते, आणि प्रत करता करता विद्यार्थी गुरूच्या रेषेचा वेग शिकत होते. दोष नकलेत नसून तिच्यावर स्वतःचे नाव घालण्यात आहे. मासिकातील छायाचित्र गिरवून ते आपली कल्पना म्हणून देणारा विद्यार्थी पूर्वीही होता. आज यंत्राला चार शब्द सांगून तयार चित्र मिळविता येते, एवढाच फरक पडला. अशा विद्यार्थ्याला शिक्षा करण्यापेक्षा त्याच्याकडे कच्ची रेखाटने मागावीत. ज्याने चित्र खरोखर केले आहे त्याच्यापाशी खोडलेल्या रेघा असतात.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या उच्च माध्यमिक चित्रकला विषयात हीच दृष्टी ठेवली आहे. तिथे प्रात्यक्षिकाचे गुण लेखी परीक्षेहून अधिक आहेत, आणि वर्षभराच्या कामाचा संग्रह, कच्च्या रेखाटनापासून पूर्ण चित्रापर्यंत, परीक्षकापुढे ठेवावा लागतो. हे काम शाळेतच झाले असा शाळेचा दाखलाही जोडावा लागतो. योजना चांगली आहे. मात्र फेब्रुवारीत एका आठवड्यात रात्री जागून वर्षभराची रेखाटने तयार करणारे विद्यार्थी आणि त्याकडे कानाडोळा करणारे शिक्षक असले, तर कोणतीही योजना काय करणार! तारीख घालून रोज अर्धे पान, हाच त्यावर उपाय आहे. चहाची किटली, झोपलेले कुत्रे, आजोबांच्या चपला, काहीही चालेल.

एकमेकांच्या कामाविषयी कसे बोलावे, हेही शिकवावे लागते. चित्रे भिंतीवर लावली की वर्ग एकतर हसतो, नाही तर "छान" म्हणून गप्प बसतो. दोहोंचा उपयोग नाही. बोलणाऱ्याने चित्रात काय दिसते ते प्रथम सांगावे आणि मगच मत द्यावे, एवढा एक संकेत पाळला तरी बोलण्याचा सूर बदलतो. "झाड वाईट आहे" असे म्हणणाऱ्याला चित्रकाराकडे उत्तर नसते. "झाडाची सावली डावीकडे आणि माणसाची उजवीकडे पडली आहे" असे म्हणणाऱ्याचे तो आभार मानतो, निदान दुसऱ्या दिवशी तरी.

आणि शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कागदावर स्वतःची पेन्सिल चालवू नये. हा मोह मोठा असतो. दोन रेघांत बिघडलेला हात सुधारतो, मुलगी खूश होते, चित्र प्रदर्शनात लागते. पण त्या क्षणापासून ते चित्र तिचे राहत नाही, हे तिला पुरते कळलेले असते. दाखवावयाचेच असेल तर शेजारी दुसरा कागद घ्यावा, त्यावर मनगट कसे वळते ते काढून दाखवावे, तो कागद बाजूला ठेवावा आणि तिच्या कागदावरचा वाकडा हात तिलाच खोडू द्यावा.